ट्रामला स्टिअरिंग नसतं: प्रागमध्ये ट्राम आणि बस एकाच लेनमधून कशा चालतात

रस्त्याच्या कडेला कोणी गाडी लावून गेला आणि तिची मागची बाजू अर्धा फूट बाहेर राहिली, तर बसवाला चाक जरासं फिरवतो आणि निघून जातो. ट्रामवाल्यापुढे फिरवायला चाकच नसतं. तो घंटा वाजवतो आणि थांबतो. त्याच्या मागे दुसरी ट्राम थांबते, दुसरीच्या मागे तिसरी, आणि पाच-दहा मिनिटांत शहराच्या भलत्याच टोकाला उभे असलेले लोक घड्याळ बघू लागतात. बसची अडचण याच्या बरोबर उलट. तिला वळता येतं, म्हणूनच ती कधी एका रेषेत चालत नाही. हातभर इकडे, हातभर तिकडे होतेच. एक वाहन जागचं हलू शकत नाही आणि दुसरं जागेवर राहू शकत नाही. या दोघांना एकाच पट्ट्यातून चालवायचं, तर सगळा हिशेब सेंटिमीटर आणि सेकंदांचा होतो.

चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग हे त्याचं चांगलं उदाहरण आहे. तिथे घोड्यांची ट्राम १८७५ मध्ये आली, आणि १८९१ मध्ये फ्रांतिशेक क्रिझिक या अभियंत्याने लेतना टेकडीवर विजेची ट्राम चालवून दाखवली. आज शहरात १४० किलोमीटरहून जास्त ट्राममार्ग आहे. रुळांमधलं अंतर १,४३५ मिलिमीटर, म्हणजे जगभरच्या रेल्वेचं प्रमाण माप, आणि डोक्यावरच्या तारेत ६०० व्होल्टची डीसी वीज. खांबावरच्या आकड्यांवरून वाहन ओळखता येतं: एक-दोन आकडी नंबर बहुतेक ट्रामचे, त्यांतले नव्वदीतले रात्रीच्या ट्रामचे, आणि शंभरपासून पुढचे बसचे. तिकीट वेळेवर चालतं आणि दोन्हींना एकच. प्रवाशाच्या दृष्टीने म्हणाल तर फरक फक्त आवाजाचा.

मुंबईला हे दृश्य नवीन नव्हतं. १९२६ मध्ये बस सुरू झाली आणि १९६४ मध्ये शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. मधली अडतीस वर्षं दोन्ही त्याच रस्त्यांवर होत्या. दादर टीटी म्हणताना आपण अजूनही ‘ट्राम टर्मिनस’ म्हणतो, फक्त ट्राम उरली नाही. मुंबईने गर्दीतून ट्राम काढली. प्रागने बऱ्याच रस्त्यांवर गर्दीतून मोटारी बाजूला काढल्या आणि रुळांच्या पट्ट्यात बसला घेतलं.

बसला आत का घ्यायचं, हा प्रश्न आधी बघू. दोन मार्गांच्या ट्रामपट्ट्याला साधारण सहा-सात मीटर रुंदी लागते. जुन्या शहरात एवढी जागा म्हणजे रस्त्याचा मधला निम्मा भाग. दर दोन मिनिटांनी एक ट्राम गेली तरी त्या पट्ट्यातली कुठलीही एक जागा बहुतेक वेळ मोकळीच असते. शेजारी मोटारींच्या रांगेत बस अडकलेली आणि मधला पट्टा रिकामा, हे बघून कोणालाही वाटेल की बसला आत सोडा. सोडायला हरकत नाही. पण ती आत आल्यावर काय काय बदलतं, ते आधी माहीत हवं.

अडीच सेंटिमीटर

सुरुवात रुंदीपासून. प्रागची जुनी ओळख असलेली ताट्रा टी-३ ट्राम २.५ मीटर रुंद आहे. युरोपात बसला २.५५ मीटरपर्यंत रुंदीची परवानगी आहे, पण त्यात आरसे मोजत नाहीत. आरसे धरले तर बस तीन मीटरच्या आसपास जाते.

समजा दोन ट्राममार्गांच्या मध्यरेषांत तीन मीटर अंतर आहे. समोरासमोरून येणाऱ्या दोन ट्राम अर्धा मीटर अंतर ठेवून एकमेकींना पार करतात आणि तेच अंतर रोज, दर वेळी तितकंच राहतं, कारण ते रुळांनी ठरवलेलं असतं. आता त्याच जागी दोन बस आणा. दोघी अगदी मध्यरेषेवर चालल्या तरी आरशाला आरसा भिडेल. म्हणून प्रत्येक बसवाला उजवीकडे सरकतो. (चेक लोक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात. १९३९ पर्यंत प्रागमध्ये आपल्यासारखी डावी बाजू होती.) पण उजवीकडे मोटारींपासून पट्टा वेगळा करणारे उंचवटे असतात, नाहीतर फलाट असतो. त्यामुळे जिथे दोन्ही दिशांना बस चालवायच्या असतात, तिथे रूळ टाकतानाच मध्यरेषा दूर ठेवाव्या लागतात. आधीच टाकलेल्या रुळांवर हे नंतर सुचून उपयोग नसतो.

फलाटाशी हिशेब आणखी नाजूक आहे. २.५ मीटर रुंदीची ट्राम मध्यरेषेपासून १.२५ मीटर बाहेर येते. फलाटाची कड १.३० मीटरवर ठेवली तर फट उरते पाच सेंटिमीटर. लहान मुलाचा पायही अडकणार नाही. त्याच फलाटाला बस तंतोतंत मध्यरेषेवर लागली तर तिला उरतात अडीच सेंटिमीटर. कोणताही ड्रायव्हर दिवसातून शंभर वेळा, पावसात, अंधारात, अडीच सेंटिमीटरवर बस लावू शकत नाही. तो दहा-पंधरा सेंटिमीटर बाहेर राहतो, म्हणजे तेवढाच समोरच्या ट्रामच्या बाजूला झुकतो. टायरची बाजू घासून फाटण्यापेक्षा ते बरं, असं त्याला वाटतं, आणि त्याचं चुकत नाही. उरतो आरसा. तो बसच्या अंगाबाहेर, म्हणजे फलाटावर डोकावतो आणि साधारण माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून जातो. काठापासून मागे आखलेली रेघ सामायिक थांब्यावर नुसती शोभेची नसते, ती यासाठी.

उंचीचं म्हणाल तर टी-३ ट्रामचा तळ जमिनीपासून सुमारे ९० सेंटिमीटरवर होता आणि चढायला पायऱ्या होत्या. तेव्हा फलाट किती उंच याला फारसा अर्थ नव्हता. आताच्या ३१.४ मीटर लांबीच्या श्कोडा १५टी ट्रामचा तळ दाराशी ३५ सेंटिमीटरच्या आसपास आहे. सखल बसचाही जवळपास तितकाच, शिवाय बसला थांब्यावर एका अंगाला झुकवता येतं. मग फलाट थेट ३५ सेंटिमीटरचा का करत नाहीत? कारण ट्राम त्याला बिनचूक लागेल, पण बसची बाहेर उघडणारी दारं फलाटावर घासतील, आणि बस थोडी तिरकी आत शिरली तर चाकापुढचं अंग काठावर आदळेल. म्हणून वीस सेंटिमीटरच्या आसपास तडजोड होते. ट्रामवाल्यांना ते कमी वाटतं, बसवाल्यांना जास्त. त्यात ट्रामची चाकं झिजली की तिचा तळ दोन-तीन सेंटिमीटर खाली येतो. कागदावरची सपाट पातळी प्रत्यक्षात क्वचितच सपाट असते.

दारांचाही एक मुद्दा आहे. प्रागच्या बहुतेक ट्राम एकाच दिशेने चालणाऱ्या आहेत. एका टोकाला ड्रायव्हर, दारं फक्त उजवीकडे, आणि शेवटच्या थांब्यावर वळसा घ्यायला गोल रूळ. बसचं अगदी तसंच. ही सामायिक थांब्यांची मोठी सोय आहे. ज्या शहरांत दोन्ही बाजूंना दारं असलेल्या ट्राम घेतल्या आणि दोन मार्गांच्या मध्ये एकच फलाट बांधला, तिथे बसला तो फलाट निकामी, कारण तिची दारं दुसऱ्या बाजूला. मधला फलाट बांधायला स्वस्त पडतो, पण बसचा दरवाजा कायमचा बंद करतो.

बसचं चाक नेमकं रुळावर

ट्रामपट्ट्याचा पृष्ठभाग तीन प्रकारचा असतो: खडीवर उघडे रूळ, रुळांमध्ये हिरवळ, किंवा रुळांच्या माथ्यापर्यंत भरलेला काँक्रीट, डांबर वा दगडी फरसाचा पट्टा. बस चालू शकते ती फक्त तिसऱ्यावर. हिरवळ दिसायला सुंदर असते, आवाज कमी करते, उन्हाळ्यात तापत नाही. पण हिरवळ अंथरली की बस गेली, आणि अडचणीच्या वेळी अग्निशमनाची गाडीही गेली. हा निर्णय उद्यान विभागाच्या आवडीचा नसतो, पुढची तीस वर्षं तो मार्ग कोण वापरणार याचा असतो.

भरीव पट्ट्यात खाच असलेला रूळ वापरतात. त्याच्या माथ्यालगत आतल्या बाजूला सुमारे चार सेंटिमीटर रुंदीची खाच असते, तीत ट्रामच्या चाकाची कड धावते. बसचं टायर त्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद, ते आत जात नाही. सायकलचं जातं, आणि सायकलवाला पडतो. रूळ शक्य तितक्या काटकोनात ओलांडायचे, हा तिथला सायकलवाल्यांचा पहिला धडा.

आता बसची चाकं नेमकी कुठे पडतात ते बघा. रुळाची आतली कड मध्यापासून साधारण ७२ सेंटिमीटरवर असते. बसचं पुढचं टायर मध्यापासून ९५ ते १२५ सेंटिमीटरच्या पट्ट्यात, म्हणजे रुळाच्या बाहेर. मागे मात्र प्रत्येक बाजूला दोन-दोन टायर असतात आणि जोडीची रुंदी सुमारे ६० सेंटिमीटर. म्हणजे आतलं टायर ६५ सेंटिमीटरपासून सुरू होतं आणि नेमकं रुळावर बसतं. कोरड्या दिवशी याने काही बिघडत नाही. पावसाच्या पहिल्या सरीत, किंवा शरद ऋतूत गळलेली पानं रुळावर चिरडली गेली की, ओल्या पोलादावर रबर चटकन घसरतं. ज्या चाकांना इंजिनची ओढ मिळते तीच चाकं निसरड्यावर असतात. म्हणून चढावर थांबा असेल तर जोडबसचे (दोन भाग जोडलेल्या लांब बसचे) ड्रायव्हर सुटताना हळूच ॲक्सिलरेटर दाबतात आणि एक बाजू मुद्दाम रुळाबाहेर ठेवतात.

रस्त्यालाही याची किंमत मोजावी लागते. ट्रामचा भार रूळ वाहतो आणि खालच्या पायावर पसरवतो. बसचा भार, मागच्या आसावर जास्तीत जास्त ११.५ टन, थेट डांबरावर येतो, आणि तोही रुळाला चिकटलेल्या अरुंद पट्टीवर, कारण सगळ्या बस एकाच चाकोरीतून जातात. रूळ आणि डांबर यांच्या सांध्यातलं भरण आधी सुटतं, फटीतून पाणी खाली जातं, हिवाळ्यात त्याचं बर्फ होऊन फुगतं आणि वसंतात तुकडे निघतात. प्रागमध्ये १९७० च्या दशकापासून हंगेरीकडून घेतलेल्या पद्धतीने मोठमोठ्या काँक्रीटच्या पाट्या टाकून, त्यांतल्या खोबणीत रूळ रबराने बसवले होते. काम झटपट व्हायचं. पण पाटीखालची जमीन थोडी खचली की पाटी डुलते, आणि वरून जड टायर जाऊ लागली तर कोपरे फुटतात. सामायिक पट्ट्याला खालून सलग काँक्रीटचा थर लागतो. तिथे केलेली बचत पुढे दुरुस्तीच्या बंदमध्ये दुप्पट भरावी लागते.

पुढे बस, मागे ट्राम

ब्रेकचं गणित बहुतेकांना उलटं वाटतं. ट्राम अवजड, रुळावर चालणारी, तेव्हा तिचा ब्रेकही दणकट असणार, असा समज असतो. पण पोलादावर पोलाद धरत नाही, घसरतं. ट्रामला विजेचा ब्रेक असतो, यांत्रिक ब्रेक असतो, आणीबाणीसाठी रुळाला चिकटणारे चुंबकी ब्रेक असतात, शिवाय चाकापुढे वाळू सोडण्याची सोय असते. हे सगळं एकदम वापरलं तरी तिचा वेग सेकंदाला साधारण २.७ मीटर प्रतिसेकंद इतकाच उतरतो. बस रबरावर असते, ती कोरड्या रस्त्यावर सहज पाच गाठते.

वेग ताशी ४० किलोमीटर धरा. बस आणीबाणीत सुमारे १२ मीटरमध्ये उभी राहते. ट्रामला २३ मीटर लागतात. रोजच्या सौम्य ब्रेकने तर पन्नासच्या वर. त्यात ड्रायव्हरच्या प्रतिक्रियेच्या एका सेकंदाचे ११ मीटर धरा. निष्कर्ष असा: ट्रामच्या मागे बस असली तर धोका कमी, पण बसच्या मागे ट्राम असली तर जास्त. एकटी ट्राम दुसऱ्या ट्राममागे चालताना दोघींची मर्यादा सारखीच असते. पुढे बस आली की ती सारखी राहत नाही. म्हणून सामायिक पट्ट्यात वेगमर्यादा कमी ठेवतात, आणि बसवाल्याने कडक ब्रेक मारू नये, हे शिकवावं लागतं. तशीही बसमधली उभी माणसं त्याला ते करू देत नाहीत.

सांध्यावर भूमिका उलटतात. रूळ जिथे दोन वाटांना फुटतात तिथे ट्राम सायकलच्या वेगाने जाते, आधी सांधा बरोबर लागला आहे ना हे डोळ्यांनी बघून. मागच्या बसला सांध्याशी काही देणंघेणं नसतं, तिला नुसता वैताग. त्याच बसची टायरं रस्त्यावरची माती आणि हिवाळ्यातलं मीठ सांध्याच्या खाचेत लोटतात, आणि ती साफ करायला पुन्हा माणूस लागतो.

त्याच झेब्रावर दोन नियम

चेक कायद्यात झेब्रा क्रॉसिंगवर पाय ठेवणाऱ्या माणसाला वाट देणं चालकाला बंधनकारक आहे. अपवाद फक्त ट्रामचा. माणसाने ट्रामला वाट द्यायची. वर बघितलेलं २३ मीटरचं गणित हेच त्याचं कारण. आता सामायिक पट्ट्यावरचं क्रॉसिंग घ्या. बस आली तर तुमचा हक्क, ट्राम आली तर तिचा. पट्टा तोच, क्रॉसिंग तेच. तिथला रहिवासी आवाजावरून ओळखतो. पाहुण्याने डोक्यावर तार दिसली की ट्राम गृहीत धरावी.

दुसरा फरक वळणाचा. ट्राम शेजारच्या मोटारींच्या वाटेला छेद देऊन वळत असेल आणि तिने दिवा दाखवला असेल, तर मोटारींनी थांबायचं. मधल्या पट्ट्यातून बाहेर पडू पाहणाऱ्या बसला हा हक्क नाही. लेन बदलणाऱ्या इतर कोणासारखंच तिने थांबून बघायचं. म्हणून पट्ट्यात शिरणं सोपं असतं, निघणं अवघड. ट्राम सरळ जाणार आणि बस पुढच्या चौकात उजवीकडे वळणार असेल, तर बसला दोन-दोन मोटारलेन ओलांडाव्या लागतात. यासाठी चौकाच्या आधी वेगळा सिग्नल लागतो. तो मोटारींना काही सेकंद रोखतो, तेवढ्यात बस सरकते. हा सिग्नल न देता नुसती रेघ मारून सोडली, तर बस पट्ट्याच्या तोंडाशी अडून राहते आणि तिच्या मागे ट्राम. ज्या ट्रामला वाचवायला पट्टा केला, तीच अडकते.

ट्रामचे सिग्नल लाल-हिरवे नसतात, काळ्यावर पांढऱ्या पट्ट्यांचे असतात, म्हणजे मोटारवाल्याचा गोंधळ होऊ नये. पट्ट्यातली बसही तेच बघते. पण सिग्नलला कळवायचं कोणी की वाहन येतंय? ट्राम तारेवर बसवलेल्या संपर्काखालून गेली की यंत्राला कळतं. बसचा तारेशी संबंध नाही, तिला स्वतःची जागा ओळखून रेडिओवरून मागणी करावी लागते. ही सोय बसवायची राहून गेली, तर एकटी आलेली बस पांढऱ्या आडव्या पट्टीकडे बघत उभी राहते, मागून ट्राम येऊन दिवा मिळेपर्यंत. मागणी आली तरी वेळ सारखी पुरत नाही. पंधरा मीटर रुंदीचा चौक ताशी २० किलोमीटरने पूर्ण मोकळा करायला १२ मीटरच्या बसला पाच सेकंद लागतात आणि ३१ मीटरच्या ट्रामला साडेआठ. सिग्नलने ट्रामचा हिशेब धरला तर बसच्या वेळी साडेतीन सेकंद वाया जातात. बसचा धरला तर ट्रामची शेपटी चौकात राहते. येणारं वाहन नेमकं कोणतं, हे यंत्राला सांगणं म्हणूनच गरजेचं आहे.

खरी अडचण थांब्यावर

आतापर्यंतचं सगळं सांभाळता येतं. न सांभाळता येणारी गोष्ट थांबा आहे. रस्त्यावरून किती वाहनं जाऊ शकतात हे रस्ता ठरवत नाही, त्यावरचा सगळ्यात गर्दीचा थांबा ठरवतो.

प्रागमध्ये काही ट्रामना कण्याच्या लाइन म्हणतात. २२, ९, १७ या त्यातल्या प्रसिद्ध. ऐन गर्दीत त्या दर चार मिनिटांनी येतात, बाकीच्या दर आठ मिनिटांनी. एखाद्या रस्त्यावर एक कण्याची आणि दोन साध्या लाइन असतील, तर तासाला एका दिशेने १५ अधिक साडेसात अधिक साडेसात, म्हणजे ३० ट्राम. दर दोन मिनिटांनी एक. त्यात तासाला १० बस घाला. झाली ४० वाहनं, दर दीड मिनिटाला एक.

दीड मिनिट भरपूर वाटतं. दारं उघडून बंद व्हायला २५ सेकंद, एक वाहन निघून दुसरं त्याच्या जागी यायला २० सेकंद, एकूण ४५. निम्मा वेळ उरला की. पण थांब्याच्या पुढे सिग्नल असतो, आणि त्याचं चक्र समजा ९० सेकंदांचं आहे. ट्रामची दारं बंद झाली आणि त्याच क्षणी दिवा गेला, तर ती रिकाम्या चौकासमोर मिनिटभर उभी, मागची थांब्याबाहेर उभी. असं व्हायला लागलं की एका चक्रात एकच वाहन सुटतं. ९० सेकंदांच्या चक्रात तासाला चाळीस चक्रं होतात. चाळीस चक्रं, चाळीस वाहनं, आणि चूक करायला एकही मोकळं नाही. एखादी आजी सामान घेऊन सावकाश उतरली तरी त्याचा परिणाम पुढे वीस मिनिटं मागे-मागे सरकत राहतो.

यावर पहिला उपाय म्हणजे थांबा लांब करणं. साठ-पासष्ट मीटरचा फलाट असेल तर दोन ट्राम, किंवा एक ट्राम आणि १८ मीटरची जोडबस एकामागे एक लागते आणि दोघींची दारं एकदम उघडतात. पण यात क्रम अडकतो. ट्रामला कोणालाच ओलांडता येत नाही. पुढची बस उभी असेपर्यंत मागची ट्राम उभी. व्हीलचेअरसाठी ड्रायव्हरला खाली उतरून हाताने रॅम्प टाकावा लागला, तर मिनिट सहज जातं. शहरातल्या बसला सगळ्या दारांनी चढता येतं, उपनगरी बसला मात्र पुढच्या दाराने चढून ड्रायव्हरला तिकीट दाखवावं लागतं. वीस माणसं, प्रत्येकी तीन सेकंद, पूर्ण मिनिट. म्हणून एकाच रस्त्यावर शहरातली बस पट्ट्यात चालेल, पण उपनगरी बस नको, हा निर्णय वरवर पाहता अन्यायाचा आणि हिशेबाने बरोबर असू शकतो.

दुसरा उपाय थांबा चौकाच्या पलीकडे नेण्याचा. अलीकडे असला तर दारं कधी बंद होतील याचा सिग्नलला अंदाज येत नाही. पलीकडे असला तर येणारं वाहन न थांबता चौक पार करतं आणि दिव्याची वेळ बिनचूक साधते. मात्र फलाट भरलेला असेल तर मागचं वाहन चौकाच्या मधोमध अडकतं. आखूड थांब्याला पलीकडे नेऊन कोणाचं भलं होत नाही.

डब्लिनमध्ये हे सगळं एकदम बघायला मिळालं. डिसेंबर २०१७ मध्ये लुआस ट्रामचा शहरातून जाणारा नवा मार्ग सुरू झाला. तो कॉलेज ग्रीन या भागातून जातो, जिथे आधीपासूनच डझनावारी बसमार्ग एकत्र येत होते. त्यावर सुमारे ५५ मीटर लांबीच्या ट्राम येणार होत्या. सुरुवातीच्या आठवड्यांतच ट्राम आणि बसच्या रांगा एकमेकींत अडकल्या, आणि २०१८ च्या सुरुवातीला बऱ्याच बसना तिथून दुसऱ्या रस्त्यांनी वळवावं लागलं. रूळ किंवा ट्राम यांत दोष नव्हता. थोड्या जागेत किती दारं उघडणार, हा हिशेब कमी पडला.

प्रागमध्ये जागा नाही म्हणून निघालेली एक युक्ती चांगली आहे. तिला तिथे व्हिएन्ना पद्धतीचा थांबा म्हणतात. रस्त्याच्या मधोमध बेट बांधायला जागा नसते, तेव्हा थांब्यापुरती मोटारींची लेनच फुटपाथच्या पातळीला उचलतात. ट्राम नसते तेव्हा मोटारी त्या उंचवट्यावरून हळू जातात. ट्राम उभी राहिली की मोटारींनी मागे थांबायचं आणि माणसं त्या लेनवरून चालत ट्रामपर्यंत जातात. पट्ट्यातली बसही तिथे तशीच लागते. दुसरा प्रकार म्हणजे फुटपाथच पुढे काढून रुळापर्यंत आणायचा. मग मोटारींनाही त्या ठिकाणी रुळावरूनच जावं लागतं, पण चढणाऱ्याला रस्ता ओलांडावा लागत नाही.

आत अडकल्यावर

मोटारी पट्ट्यात शिरू नयेत म्हणून प्रागमध्ये कडेला लांबट, गोलसर काँक्रीटचे उंचवटे बसवतात. चेक लोक त्यांना बुमलीक म्हणतात. मोटारवाले त्यांच्यावर कायम चिडलेले असतात. ट्रामला ते वरदानच, बसच्या दृष्टीने मात्र ती दुधारी सुरी आहे. पुढची ट्राम बंद पडली की बसला बाहेर निघता येत नाही, आणि स्टिअरिंग असल्याचा एकमेव फायदा तिने गमावलेला असतो. म्हणून जिथे बस आत घेतात तिथे ठरावीक अंतराने उंचवट्यांत खंड ठेवावा लागतो, तोही जोडबसला वळून निघता येईल एवढा.

बंद पडलेल्या ट्रामला बहुधा मागची ट्राम ढकलत नेते. तार तुटली असेल तर वीज बंद करावी लागते आणि तेवढ्या भागातल्या सगळ्या ट्राम जागीच थांबतात, बस मात्र पोचली तर निसटते. हिवाळ्यात तारेवर बर्फाचा थर चढतो तेव्हा खास ट्राम फिरवून तारेला न गोठणारं द्रव्य लावतात. लाझार्स्का थांब्यावर एकत्र येणाऱ्या रात्रीच्या ट्रामही रात्रभर धावत राहून तार मोकळी ठेवतात.

ट्राममार्ग दुरुस्तीला बंद झाला की बदली बस येतात, एक्स अक्षर आणि ट्रामचाच नंबर लावून. २२ ऐवजी एक्स २२. एका जोडट्रामची माणसं वाहायला दोन जोडबस लागतात. रूळ भरीव पट्ट्यात असतील आणि खोदकाम पुढे कुठेतरी असेल, तर त्या बस ट्रामच्याच फलाटाला लागतात. हिरवळ असली तर त्यांना कडेच्या लेनमध्ये यावं लागतं, थांबा फुटपाथवर सरकतो आणि मधल्या बेटावर तात्पुरत्या थांब्याकडे बाण दाखवणारी पाटी लागते. ती पाटी न वाचता बेटावर उभे राहिलेले चार-पाच जण समोरून आपली बस जाताना बघत असतात. पुढची यायला आठ मिनिटं.